अकरा ते बारा, फोन करू नये

१

बाइंडरबाई सापडली ती स्वयंपाकघरात उतरणाऱ्या तीन पायऱ्यांच्या तळाशी, कुशीवर, डोकं दगडी उंबऱ्याला टेकलेलं. दुपारी दीडला जेवण वाढायला आलेल्या मदतनीस बाईने आधी दोन हाका मारल्या, मग ती किंचाळली. बाइंडरबाईचं वय चौऱ्याहत्तर. पन्नास वर्षं तिने घरच्या पुढच्या खोलीत पुस्तकं बांधली, नवरा गेल्यावर त्याच कमाईवर मुलाला वाढवलं. उजव्या मनगटावर आमच्या कंपनीचा पट्टा होता.

हा पट्टा नाडी आणि पावलं मोजतो. माणूस पडला की त्याला झटका कळतो, त्याच्यावर लाल दिवा लागतो आणि तो आमच्या हेल्पलाइनला कळवतो. तिथल्या माणसाने लगेच फोन करायचा, उत्तर आलं नाही तर रुग्णवाहिका पाठवायची. लोक एवढ्यासाठीच तो घालतात.

पाय घसरून पडली असं पोलिसांनी लिहून घेतलं. तिच्या मुलाने मात्र आमच्यावर तक्रार ठोकली की पट्टा वाजलाच नाही आणि आई तुमच्यामुळे गेली.

पट्टा वाजला होता, अकरा वाजून चौदा मिनिटांनी. तीन नंबरच्या टेबलावरच्या मुलीने आठ सेकंदांत तो बंद केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, हातोडी. बाइंडरबाईची नाडी त्यानंतर बारा पन्नासपर्यंत चालू होती. ती एक तास छत्तीस मिनिटं तिथे जिवंत पडून होती.

हे मला साहेबांनी दार लावून सांगितलं. मी चाळीस वर्षं रुग्णालयात काढली, त्यातली शेवटची अकरा मेट्रन म्हणून. माझ्या पाठीमागे सगळे मला एरंडेल म्हणत आणि ते मला माहीत होतं. निवृत्तीनंतर या कंपनीने तक्रारी तपासायला ठेवलं. इथेही मी कुणाला आवडत नाही. मलाही यातलं कुणी आवडत नाही, त्यामुळे कुणाचं कुणावाचून अडत नाही.

मुलीने नियम मोडला एवढं एका पानात मावेल, असं साहेब म्हणाले. उद्या संध्याकाळपर्यंत ते पान हवं, की मुलगी पोलिसांच्या हवाली आणि विषय संपला. निष्काळजीपणाने मृत्यू, म्हणजे तुरुंग. तुरुंग टळला तरी पुन्हा कुठल्या रुग्णालयाच्या किंवा हेल्पलाइनच्या दारात कुणी तिला उभं करणार नव्हतं. त्या पानावर सही माझी लागणार होती.

पट्टा वाजल्याची वेळ घरच्यांना कळवली का, असं मी विचारलं. साहेब म्हणाले, नाही, वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलंय. तेवढं एक काम त्यांनी माझ्या सोयीचं करून ठेवलं होतं.

२

तीन नंबरची मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. मी खुर्ची ओढून बसले तरी तिने मान वर केली नाही.

"मीच बंद केला," ती म्हणाली. "लिहा आणि जा."

मला उद्धट माणसं आवडतात असं नाही, पण रडक्यांपेक्षा परवडतात. मी गेले नाही. चौदा महिन्यांच्या सगळ्या नोंदी काढायला लावल्या. रविवार सोडून रोज अकरा ते बारा बाइंडरबाईचा पट्टा वाजत होता. कारण उघड होतं. डावं मनगट जुन्या मोडीमुळे सुजलेलं, म्हणून पट्टा उजव्या हातात, आणि त्याच हाताने ती पुस्तकाच्या पाठीवर हातोडी चालवायची. पट्ट्याला त्यातला जोरदार ठोका म्हणजे पडणं वाटे.

सुरुवातीचे वीस-बावीस दिवस मुलीने दर वेळी फोन केला होता. दर वेळी शिव्या खाल्ल्या होत्या. "मेले नाही अजून, ठेव फोन" ही त्यातली सौम्य. गेल्या वर्षी एकदा पट्टा सकाळी सातला वाजला. फोन उचलला गेला नाही आणि मुलीने रुग्णवाहिका पाठवली. बाइंडरबाई न्हाणीघरात चक्कर येऊन पडली होती. अकराव्या मिनिटाला माणसं पोचली म्हणून वाचली. दोन दिवसांनी तिने स्वतःहून हेल्पलाइनला फोन केला. मला उघडी बघायला चार बाप्ये पाठवलेस, एखादी बाई नाही मिळाली का कार्टे, असं म्हणाली. एवढं सांगताना मुलीचा आवाज पहिल्यांदा जरा हलला.

मग फोन करणं का थांबवलंस, असं मी विचारलं. ती पडद्याकडे बघत राहिली. पडद्याच्या कडेला काचेवर चिकटपणाचा एक चौकोन होता, त्यावर नखांचे ताजे ओरखडे. तिथे काहीतरी चिकटवलेलं असणार आणि कुणीतरी ते नुकतंच खरवडलं होतं. मी उठून एक नंबरचं टेबल बघितलं, दोन नंबरचं बघितलं. तसाच चौकोन, त्याच जागी.

एका मुलीने स्वतःच्या सोयीसाठी लावलेली चिठ्ठी तिन्ही टेबलांवर जात नाही. काय लिहिलं होतं, असं विचारल्यावर ती हळूच म्हणाली, "बाइंडरबाई. अकरा ते बारा, फोन करू नये." अक्षर कुणाचं हे तिने सांगितलं नाही. पण उत्तर देण्याआधी तिने साहेबांच्या बंद दाराकडे बघितलं.

मी नोंदी घेऊन निघाले. वाटेत बसमध्ये शेवटचा महिना वाचायला घेतला आणि दोन थांबे पुढे गेले. पहिले तेरा महिने पट्टा रोज आठ-दहा वेळा वाजला होता. शेवटचे तीन आठवडे रोज फक्त एकदा.

३

बाइंडरबाईची पुढची खोली रस्त्यालगत होती. मधोमध टेबल, त्याच्यामागे तीन पायऱ्या उतरल्या की स्वयंपाकघर. एका बाजूची भिंत मुलाच्या चष्म्यांच्या दुकानाला लागून, तिच्यात एक मधलं दार. मुलगा दुकानामागेच राहतो. दुकान इतकं अरुंद की डोळे तपासायचा तक्ता तिरका टांगलेला. वरच्या मजल्यावर बाईचे दीर.

टेबलावर दाभण, दोरा, पुठ्ठे. डब्यातली खळ वाळून कडक झाली होती, वर बुरशी. हातोडीवर मी बोट फिरवलं तर धूळ लागली. कोपऱ्यात न शिवलेल्या पुस्तकांचा गठ्ठा होता आणि त्याच्यावर वाचनालयाची पावती, जिच्यावरची तारीख उलटून सोळा दिवस झाले होते. पन्नास वर्षांत बाईने तारीख चुकवली नव्हती, असं वाचनालयवाला मला फोनवर म्हणाला. आजारी आहात का विचारलं तर तिने दार लावून घेतलं म्हणे.

म्हणजे तीन आठवडे हातोडी उचललीच गेली नव्हती. तरी रोज अकराच्या सुमारास पट्टा वाजत होता.

मदतनीस बाई भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होती, मी चोरी करायला आल्यासारखी. तिचं उत्तर ठरलेलं होतं: मला काही माहीत नाही, साडेदहाला जाते, दीडला येते. मधल्या वेळात ती पलीकडच्या गल्लीतल्या एका पंगू गृहस्थांना आंघोळ घालते. त्यांच्या हातातही आमचाच पट्टा, आणि आंघोळीआधी तो काढलेला, नंतर घातलेला नोंदीत दिसतो, त्यामुळे ती कधी आली, कधी गेली हे ताडून बघता आलं. त्या दिवशीही ती तिथेच होती.

वर गेले. दीर ऐंशीच्या घरातले, गुडघ्यांमुळे महिनाभर खाली उतरले नव्हते. औषधाची टोपलीसुद्धा दोरीने वर ओढत. ऐकू जवळजवळ येत नाही, म्हणून मी प्रश्न कागदावर लिहिले. वहिनीबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

"माझ्या पायाखाली पन्नास वर्षं ठोकत होती," ते म्हणाले. "कान गेले तरी सुटका नाही, जमिनीतून तळपायाला कळतं. तीन आठवड्यांपासून मात्र अकराला एक ठोका, की गप्प. म्हटलं, सुटलो."

आणि त्या दिवशी, असं मी लिहिलं.

"त्या दिवशी दोन. दुसरा मोठा."

४

चष्मेवाल्याने मला बसायला सांगितलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता तो मला आणि माझ्या कंपनीला बोलत राहिला. माझी आई गेली आणि तुम्ही वह्या घेऊन हिंडता. महिन्याचे पैसे घेता, आणि वेळेला तुमचं यंत्र मुकं. त्याचा राग खोटा नव्हता. चाळीस वर्षं मी नातेवाइकांचे राग बघितलेत, खरा कुठला ते मला कळतं. तो आमच्यावर मनापासून संतापलेला होता.

आईशी कसं होतं, असं विचारल्यावर त्याने आडपडदा ठेवला नाही. भिंत पाडून दुकान मोठं करायचं हे त्याचं जुनं म्हणणं. आईने सांगितलं होतं की हातोडी चालतेय तोवर खोली माझी. त्याने उलट सांगितलं होतं की ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी तुला वृद्धाश्रमात सोडीन आणि भिंत पाडीन. हे तो गिऱ्हाइकासमोर म्हणाला. गिऱ्हाईक फ्रेम न घेताच गेलं.

मग मी विचारलं की त्या दिवशी आईचा काही आवाज आला का.

"नेहमीचाच," तो म्हणाला. "भिंतीपलीकडे ठकठक. अकरापासून बाराच्या ठोक्यापर्यंत. बारा वाजता थांबली, तेव्हा मला वाटलं जेवायला उठली असेल. साडेअकरापासून माझ्याकडे गिऱ्हाइकांची रांग होती, कुणालाही विचारा."

मी त्याचे आभार मानले. असं मी फार कमी जणांच्या बाबतीत करते.

५

घरी टेबलावर कागद पसरले. रुग्णालयात असताना पोरी म्हणत की एरंडेल नाडीच्या तक्त्यावरून माणसाने काय खाल्लं तेही सांगते. तेवढं येत नाही, पण बरंच येतं.

जुन्या दिवसांत हातोडी सुरू झाली की बाइंडरबाईची नाडी नव्वद-शंभरला जायची. अंगमेहनत होती ती. शेवटच्या तीन आठवड्यांत झटका बसताना नाडी सत्तर. पाऊल एकही नाही. कुणी पट्टा काढून आपटला असता तर नाडीची जागा कोरी दिसली असती. पट्टा तिच्याच मनगटावर होता आणि ती शांत बसलेली होती. बसल्या जागी रोज एकदा ती स्वतःच हात टेबलावर आपटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतनीस बाईला मी एवढंच म्हटलं की बाइंडरबाईच्या हाताला काय झालं होतं ते मला कळलंय. ते मला कळलेलं नव्हतं. बाई खाली बसली. बोटांतला जोर गेला होता, सुई धरवत नव्हती, झंपरची बटणंसुद्धा हिने लावून द्यायची. कुणाला सांगशील तर खबरदार, अशी शपथ घातली होती. रोज अकराला त्या टेबलापाशी बसायच्या आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा एक ठोका द्यायच्या, मनगटाने. त्याहून जास्त द्यायचं त्राण नव्हतं. हातोडी चालू आहे असं मुलाला वाटावं म्हणून.

मला बाइंडरबाईचा राग आला. एवढी कजाग बाई, आणि पोटच्या पोराला घाबरून रोज दुखरा हात टेबलावर मारत होती.

राहिला तो दिवस. पहिला झटका अकरा पाचला, नाडी सत्तर. रोजचा ठोका. मुलीने बंद केला, हातोडी. दुसरा अकरा चौदाला, पडल्याचा. मधली नऊ मिनिटं मी पुन्हा पुन्हा बघितली. त्या नऊ मिनिटांत बाई एक पाऊल चालली नव्हती. नाडी मात्र सत्तरावरून एकशे अठरावर गेली होती.

बसलेल्या माणसाची नाडी अशी ताप नसताना चढते ती भीतीने किंवा भांडणाने. दोन्हीला समोर दुसरं माणूस लागतं. दीर जिना उतरू शकत नव्हते. मदतनीस दुसऱ्या घरी होती.

६

चष्मेवाल्याकडे जाताना मी चौकीतून हवालदाराला सोबत घेतलं. तो दुकानात शिरून काळ्या चष्म्यांच्या फ्रेमी बघत उभा राहिला आणि मला वाटतं त्याला एक खरोखर आवडलीही.

मी कागद काउंटरवर ठेवला आणि विचारलं, ठकठक बारापर्यंत ऐकलीत ना. तो म्हणाला, किती वेळा सांगू.

"बारापर्यंतची ठकठक तीन आठवड्यांपूर्वी संपली," मी म्हटलं. "वरच्या बहिऱ्या माणसाला ते कळलं. भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या तुम्हाला कळलं नाही असं होत नाही. तुम्हाला कळलं म्हणूनच त्या दिवशी बघायला गेलात. आई बाराला काम करत होती असं तुम्हाला हवं होतं, कारण साडेअकरापासून तुमच्याकडे साक्षीदार होते."

तो हसला. "ती कधी पडली हे तुम्हाला काय ठाऊक? तुमचा पट्टा तर बंद होता."

"असं तुम्ही म्हणता. मी म्हटलेलं नाही. पट्टा अकरा चौदाला वाजला. आणि तिची नाडी बारा पन्नासपर्यंत चालू होती."

त्याच्या हातातली काच खाली पडली. तो वाकला नाही.

"बारा पन्नास?" तो म्हणाला. "मग माणसं का नाही आली? लाल दिवा लागला होता. मी स्वतः बघितला."

हवालदाराने फ्रेम परत खणात ठेवली.

बाकीचं त्याने उभ्या उभ्या सांगितलं. आई रिकाम्या टेबलावर हात आपटताना दिसली. हा चिडला. नऊ मिनिटं दोघं एकमेकांची उणीदुणी काढत होती. मग बघू तुझा हात म्हणून त्याने मनगट धरून तिला खुर्चीवरून ओढलं. तिने हिसडा दिला, याने सोडलं, मागे पायऱ्या होत्या. ती खाली कण्हत होती. पट्ट्यावर लाल दिवा उघडझाप करत होता. दहा मिनिटांत रुग्णवाहिका येणार हे त्याला गेल्या वर्षीपासून माहीत होतं. आपण तिथे दिसायला नको म्हणून तो मधल्या दाराने दुकानात आला आणि गाडीच्या आवाजाकडे कान लावून चष्मे विकत बसला. गाडी आली नाही. तरी तो उठून बघायला गेला नाही, कारण तोवर बराच उशीर झाला होता आणि उशीर का केला हे सांगावं लागलं असतं.

"तुमचा पट्टा नसता तर मीच उचललं असतं तिला," तो म्हणाला. "मी नाही मारली. तुम्ही मारली."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचं पहिलं वाक्य खरं असावं, आणि ते मला दिवसभर पुरलं.

७

रिपोर्ट चार पानांचा झाला. मुलाने ओढलं आणि टाकून गेला. आईने तीन आठवडे रोज खोटा ठोका देऊन हेल्पलाइनची सवय जिवंत ठेवली, त्यामुळे त्या तासाचा खरा झटकाही हातोडीच वाटला. आणि त्या तासात फोन करू नये असा हुकूम साहेबांनी स्वतःच्या अक्षरात तिन्ही टेबलांवर लावला होता. एक नंबर आणि दोन नंबरच्या पोरींनी तसं लिहून दिलं. साहेबांनी तिसरं पान काढून टाकायला सांगितलं. मी म्हटलं, एक प्रत चौकीत देऊन आलेय. त्यानंतर ते मला मॅडम म्हणायचं थांबले.

मुलीला मी रिपोर्ट वाचायला दिला. तिने खाली मान घालून चारही पानं वाचली. मी तिला सांगितलं की आता तुझ्यावर काही येत नाही, पोलीस बोलावणार नाहीत, नोकरीही राहील. ती खूश होईल अशी माझी अपेक्षा होती असं नाही, पण निदान सुस्कारा सोडेल असं वाटलं होतं.

"मी त्या दिवशी फोन केला असता तर ती वाचली असती का?" तिने विचारलं.

चाळीस वर्षांत या प्रश्नाला मी शेकडो वेळा खोटं उत्तर दिलंय. आयांना, नवऱ्यांना, माझ्या हाताखालच्या पोरींना. तिच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही.

"हो," मी म्हटलं. "बहुतेक वाचली असती."

"ते यात कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही."

"का?"

मी तिला समजावलं. साहेबांचा वकील तेवढंच एक वाक्य उचलेल, बाकीचा रिपोर्ट फाडून टाकेल, आणि तू पुन्हा जिथे होतीस तिथे येशील. ते वाक्य रिपोर्टात नसणं हाच तुझा बचाव आहे, वेडी आहेस का.

"मुलगा म्हणतो पट्ट्याने मारलं," ती म्हणाली. "साहेब म्हणतात मी मारलं. तुम्ही म्हणता चिठ्ठीने मारलं. चिठ्ठीने माझा हात नव्हता धरला, मॅडम. नाडी समोर पडद्यावर दिसत होती, एकशे अठरा. मी बघितलीच नाही. लिहा ते."

मी पेन तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, मी नाही लिहिणार. मला वाटलं ती मागे हटेल.

तिने पेन उचललं, चौथ्या पानाच्या तळाशी उरलेल्या जागेत दोन ओळी स्वच्छ अक्षरात लिहिल्या, खाली नाव लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याच्याखाली माझी सही व्हायची होती. मी बराच वेळ पेन हातात धरून बसले, आणि मग केली.